दुष्टाच्या नावाला

खसखस भाजली की पावसजवळच्या बंगल्यातला तो सण आठवतो. तिथे राहणाऱ्या इस्रायली कुटुंबांनी आम्हा शेजाऱ्यांना पुरीमला, म्हणजे ज्यूंच्या एका जुन्या शत्रूचा डाव फसल्याच्या सणाला, बोलावलं होतं. खसखशीच्या तिकोनी करंज्या वाटत यजमानीण मोडक्या मराठीत म्हणाली, "पोथीत दुष्टाचं नाव आलं, पाय आपटायचा!" शेजारीच माझा दीर बसला होता. नवरा गेल्यावर मी बाग विकावी म्हणून यानेच माझ्या हापूसच्या कलमांच्या मुळांत विष ओतलं होतं. नाव आलं, मुलांनी खुळखुळे वाजवले, आणि मी त्याच्याकडे बघत टाच आपटली. तोही हसत आपटत होता. "भावजी, माझं हे तुमच्या नावाने हो," मी म्हटलं, "मेलेल्या कलमांसाठी." त्याचा पाय जागीच थांबला. नाव पुन्हा पुन्हा आलं, मी आपटत राहिले. तो उठून गेला. आता सगळे म्हणतात, सोडून दे. मी नाही सोडलं, आणि मला झोपही छान लागते.