तारांना टोरीचं तेल

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. आई म्हणायची पायाला भिंगरी आहे, पण खरा चाळा हातांना होता. गोंदियाला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड होता आणि त्याची बायको संध्याकाळी ओट्यावर गिटार घेऊन बसायची. मी रोज कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. शेवटी कंटाळून तिनं मला आत बोलावलं, तारांवर बोटं बसवायच्या चार पकडी शिकवल्या, एक धून शिकवली. देश स्वतंत्र झाल्यावर तिचे नातेवाईक एकेक करून विलायतेला निघून गेले, तसं तिचंही बिऱ्हाड हललं. जाताना ती गिटार माझ्या हातात देऊन गेली आणि सोबत एक ताकीद. हिला पोलादाच्याच तारा लाव, पण बारीक. जाड लावल्यास तर मान वाकेल, आतड्याची तात लावलीस तर ती तोंड उघडणार नाही.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न नवेगाव बांधला झालं. नवरा जंगल खात्याच्या डेपोत कारकून, सासरे धानाचे शेतकरी, गावच्या भजनात खंजेरी धरणारे. त्यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले होते, त्यामुळे घरात बोलणं असायचं ते पाण्याचं, तलावाच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, आणि धानाचं. सासऱ्यांनी सुनेशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. मी दोन हात अंतरावर उभी असले तरी ते सासूबाईंकडे बघून म्हणत, बैलांना पाणी दाखवायला सांग हिला. मग सासूबाई तेच वाक्य पुन्हा मला सांगत. पहिला आठवडा मला हसू आलं. नंतर मात्र अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

गिटार बघून नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की बाबांना गोंगाट खपत नाही, ते एकदा जरी बोलले तरी ही गिटार गोंदियाला परत जाईल. हे त्यानं इतक्या मऊपणानं सांगितलं की भांडायलाही जागा ठेवली नाही. त्या घरात लुगडी आईनं दिलेली, भांडी सासरची, नावसुद्धा लग्नात बदललेलं. माझं म्हणावं असं ते एक लाकडी खोकं होतं आणि ते जाईल या धास्तीनं मी बेचैन असायची.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळे शेतावर, बांधीत गेले की मी माजघरात दार ओढून वाजवायची. पण पावसाळ्यात, त्यातून तलावाशेजारी, लोखंडाचं काय होतं ते काही विचारू नका. तारांवर तांबूस गंज चढायला लागला. मी रडकुंडीला आलेली पाहून सासूबाईंनी टोरीच्या तेलाची वाटी पुढं केली. मोहाच्या बियांचं हे तेल त्या घरात सगळ्यावर चाले. कोयंड्याला, विळ्याला, चिखलानं भेगाळलेल्या टाचांना, दिव्याला. त्यांनी मायेनं दिलं आणि मीही सढळ हातानं चोपडलं.

गंज थांबला, आणि आवाजही. खालच्या जाड तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्या फटीफटीत तेल मुरलं. वाजवलं की भिजलेल्या पोत्यावर थाप मारावी तसा बद्द आवाज यायचा. राखेनं पुसलं, फडक्यानं पुसलं, उन्हात धरलं. काही उपयोग झाला नाही. मी गिटारवर, तेलावर आणि त्या सगळ्या गावावर चिडले.

मग एक गोष्ट लक्षात आली. आता कोणाला काही ऐकूच जात नव्हतं. एकदा मी मुद्दाम पडवीत येऊन बसले. सासरे अंगणात दोर वळत होते. मी पूर्ण धून वाजवली, त्यांनी मान वर केली नाही. नवरा खूश झाला. म्हणाला, बघ, बाबा काही बोलले का? हसावं की रडावं ते मला कळेना. त्यानंतर गंज नसतानाही मी तेल लावत राहिले.

गिटार वाचली होती, म्हणजे मी सुखात असायला हवं होतं. झालं उलटंच. झाडलेलं अंगण मी पुन्हा झाडायची, धुतलेले कपडे पुन्हा तलावावर घेऊन जायची, सासूबाईंशी मिठावरून वाद घालायची. बोटं हलत होती आणि आवाज येत नव्हता. असंच वय निघून जाईल, असं वाटायचं.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा माझ्या बाबांना घेऊन मी थेट बाजारातल्या पेटी-तबल्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर तीन पुड्या ठेवल्या. एकीत पोलादाच्या जाड तारा होत्या. वर्षानुवर्षं टिकतील म्हणाला, पण मला गिटारची वाकलेली मान दिसायला लागली. दुसरीत पोलादाच्याच, पण बारीक. लवकर तुटतात, बोटांना चावतात आणि आवाज लांबवर जातो. तिसरीत आतड्याची तात, मऊ, पिवळसर. कुठं वाजवणार, असं त्यानं विचारलं. सासरी, म्हटल्यावर त्यानं ती तिसरी पुडी माझ्याकडे सरकवली.

"ये ले जाओ बेटी. पड़ोसी को भी पता नहीं चलेगा."

बाबा म्हणाले, तो सांगतो ते घे. मी तातीची पुडी उचलली, पायरी उतरले, भर बाजारात उभी राहिले. कोणाला पत्ता लागू नये म्हणून तर मी वर्षभर तेल चोपडत होते. आणखी पैसे खर्चून पुन्हा तेच विकत घ्यायचं? माझी मलाच इतकी चीड आली की मी परत वर चढले आणि पुडी बदलून बारीक पोलादाच्या तारा घेतल्या. 

नवेगावला परतले तेव्हा धानाची मळणी सुरू होती. घरामागच्या खळ्यावर बैल फिरत होते, घरभर माणसं. मी पडवीत बसून जुन्या तारा काढल्या, लाकूड पुसलं, नव्या चढवल्या, सुरात लावल्या आणि भर दुपारी वाजवायला सुरुवात केली. आवाज अंगण ओलांडून गेला. सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. सासरे खळ्यावरून आले आणि पडवीच्या कडेला टेकले. मी पदर ओढला, पण हात थांबवले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करायचा धीर झाला नसता.

धून संपली. आता सासूबाईंकडे बघून ते म्हणतील, की हे धाड गोंदियाले. पण त्यांनी सासूबाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुले वाजवता नाही येत," ते म्हणाले. "दर खेपेस बोटं उचलली का तू थांबून राहते. भजनात असती त बाकीचे पुढं निघून गेले असते."

सवयीप्रमाणे सासूबाई माझ्याकडे वळून सांगायला लागल्या, "ते म्हणून राहिले का तुले वाजवता..."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

कान तापले, डोळे भरले. वर्षभर मी आवाजाला घाबरत होते आणि आवाज मोकळा झाल्यावर ऐकू आलं ते हे. खरं होतं ते. भजनात खंजेरी धरणाऱ्या माणसाला ते कळणारच. तेलकट तारांवर मला वाटायचं की मी चांगली वाजवते, ताराच बोलत नाहीत. आता तारा अगदी योग्य होत्या आणि दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

मी पदर सोडला आणि त्यांना सरळ विचारलं, "मग गोंदियाला पाठवून देऊ का ही?"

"कायले?" ते उठत म्हणाले. "शिकून घे ना."

ते खळ्यावर गेले. बैलांना हाकताना त्यांचा आवाज पुन्हा एका लयीत सुरू झाला. मी डोळे पुसले आणि धून पहिल्यापासून धरली. पहिली पकड बदलताना अडखळले, थांबले. खळ्यावरचं हाकारणंही तिथंच थांबलं, आणि माझी बोटं पुढच्या तारांवर बसेपर्यंत सासरे थांबूनच राहिले.