शेवंताची तहान

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून आत जाते. सगळा जन्म भूगर्भशास्त्र शिकवण्यात गेलाय. वास्तुदोष काढायला आलेल्या माणसाला मी चहासुद्धा न देता वाटेला लावलंय! त्यामुळे हे वाचून कुणी मला भोळसट म्हणू नये.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. नेवाशाच्या पुढे प्रवरेचं पात्र वाळून खडखडीत झालेलं. मी आमच्या सरांची संशोधन सहायक. उत्तरेकडे हिमयुग होतं तेव्हा आपला पाऊस हळूहळू आटला की एकाएकी — याचं गणिती मॉडेल सर कॉम्प्युटरवर बसवत होते. त्यासाठी नदीच्या दरडीतले मातीचे थर तपासायचे. चिकणमाती की गाळ, हे आम्ही चिमूटभर माती दाताखाली धरून ठरवायचो. कचकच लागली की गाळ. हसू नका, भूगर्भवाले करतात तसं.

शेजारीच दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. त्यातली शेवंता पोटुशी, आणि तिला डोहाळे लागलेले मातीचे. सरांना माती चावताना पाहून ती आलीच.

"बाई, लई ग्वाड वास येतोय. मला बी द्या की वाईच."

"नको गं, कुठली जुनीपुराणी माती ती," मी म्हटलं. पण सरांना विनोद सुचला ना! जिथे भरपूर पावसाच्या काळातला काळा थर संपून एकदम कोरडी वाळू सुरू होत होती, तिथला खडा काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. "घे, हिमयुगाचा प्रसाद!"

तिनं तोंडात टाकला. "अगं बया, काय गार हाय!" — मे महिन्याच्या उन्हात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी सोडलं. टँकर आला की बायका एकमेकींच्या उरावर बसायच्या, आणि ही आपली कळशी जावेला देऊन मोकळी! मला धडकीच भरली. तांब्या घेऊन मी तिच्या मागे मागे फिरत होते. "तहानच न्हाई लागत, बाई. प्वाट भरल्यावानी वाटतंय." मुकादम खूश — एक तोंड कमी झालं म्हणे! सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तीच माती मी चावली, तूही चावलीस. आपल्याला काय झालं?" ते खरंच होतं. आम्हाला काहीच झालं नव्हतं.

मग एका दुपारी ती खडीच्या ढिगावरच कोसळली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी सोडलं, ते तिनं थुंकून टाकलं. "नको... नदीला लई पानी हाय. पाय टेकंना..." तिथंच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. अंगात पाण्याचा टिपूस राहिला नव्हता. मग तिचे हात? मी धरले होते ते — गारठलेले, आणि बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. डॉक्टरांना दाखवली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि पुढचं लिहायला घेतलं.

सरांच्या पेपरची पुढे फार वाहवा झाली. पाऊस एकाएकी आटला, असा निष्कर्ष. सत्काराला मला बोलावलं होतं... मी गेले नाही. त्या माणसाचं नाव निघालं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

शेवंताला शेवटची अंघोळ तिच्या जावेनं घातली. बोटं तिनंही पाहिली होती. संध्याकाळी आमच्या तंबूशी आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, तुमी शिकल्याल्या. माज्या सासूला काय सांगू? ती तहानेनं मेली का बुडून?"