सांडव्यावरचं जाळं

आमच्या पाड्याच्या वर शेतीला पाणी देणारं मातीचं धरण आहे. त्यात मासे वाढवून बोईसरच्या बाजारात विकणारा तो गृहस्थ फार गोड बोलतो, आणि तेच माझ्या डोक्यात जातं.

पाऊस लागला की जादा पाणी जायच्या सांडव्यावर तो जाळं बांधतो, मासे निसटू नयेत म्हणून. जाळ्यात पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं आणि बांधाच्या माथ्याला टेकतं. मातीचाच बांध तो, वरून पाणी गेलं तर टिकणार किती?

"जाळं काढ मेल्या," मी ओरडते.

"काय नाय होत, वयनी. बांध मजबूत हाय," म्हणत तो बांधावर पाय आपटून दाखवतो आणि वर विचारतो, "मासे देऊ का कालवणाला?"

परवा पाऊस धो धो कोसळत होता. मी कोयता घेऊन बांधाकडे धावले, तर हा समोर. बांधाखाली चरायला बांधलेल्या स्वतःच्या म्हशी सोडून तो टेकडीवर हाकत होता. जाळं मात्र जागच्या जागी.

ते मी सपासप कापून टाकलं. आता गावभर रडतोय, वयनीने माझे मासे घालवले म्हणून. म्हशी का हलवल्या, ते कुणालाच सांगत नाही.