नावड्याच्या गोलपुढचं डबकं

पावसात फुटबॉल खेळायला पायांपेक्षा डोकं जास्त लागतं, असं मी त्या वर्षांत भेटेल त्याला सांगायचो. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी एकवीस वर्षांचा, सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच पदरात पडलेला, आणि ऐरोलीत आमच्या सेक्टरच्या टीमचा कप्तान. खरं सांगायचं तर माझ्या पायांत फार काही नव्हतं. दहा मिनिटांत दम लागायचा, आणि डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता. पण मला मैदान वाचता यायचं. सर्व्हेच्या तासाला उतार काढायला शिकलो होतो, तेच मी मैदानावर वापरायचो. कुठे पाणी साचेल, कुठून वाहून जाईल, कुठल्या कोपऱ्यातली माती पहिल्या पंधरा मिनिटांत लोण्यासारखी होईल, हे मी आधी जाऊन बघून यायचो आणि वहीत मैदानाचा नकाशा काढायचो.

टीममधली पोरं हसायची, पण ऐकायची. कारण आम्ही जिंकत होतो. बाकीच्या टीम पावसातही उन्हाळ्यासारख्याच खेळायच्या. जवळजवळचे पास, जमिनीलगत. चेंडू पाण्यात अडकायचा आणि ते वैतागायचे. मी आमच्या पोरांना सांगायचो, चिखलात बचाववाल्याला वळायला वेळ लागतो, त्याच्या पाठीमागे चेंडू टाका. गवत ओलं असेल तर लांबूनच खालून मारा, चेंडू टप्पा पडून सरकतो, गोलकीपरच्या हातात राहत नाही. वारा अंगावर असेल तर उंच मारूच नका. आणि जिथे डबकं असेल तिथे चेंडू मेल्यासारखा थांबतो, हे समोरच्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं.

हे 'आपल्याला माहीत असतं' म्हणताना मला फार बरं वाटायचं.

आमचा गोलकीपर ऐरोली गावातला, खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. माझ्याच वयाचा. सेक्टरमधली आम्ही फ्लॅटवाली पोरं आणि गावातली पोरं फारशी मिसळायची नाहीत, पण आम्हा दोघांचं जमलं होतं. त्याला पाणी कळायचं आणि मला उतार. खाडीकडे तोंड करून तो सांगायचा, "अजून अर्ध्या तासान येल," आणि तसा पाऊस यायचा. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मी एखादी गोष्ट केलीय म्हटलं की ती झाली, असं तो धरून चालायचा.

त्या जुलैत नावड्याला एक पावसाळी स्पर्धा होती. तळोज्याच्या कारखान्यांच्या टीम आणि आमच्यासारख्या कॉलन्यांच्या टीम. उपांत्य सामन्यात आमच्यासमोर एका केमिकल कारखान्याची टीम आली. त्यांचा गोलकीपर बत्तीस-तेहेतीस वर्षांचा, कोल्हापूरचा. तिकडे पेठेच्या संघातून खेळलेला. आधीच्या तीन सामन्यांत त्याने एकही गोल खाल्ला नव्हता. त्याला मी दोनदा बघून आलो होतो. लांबून मारलेला ओला चेंडूसुद्धा तो छातीशी घेऊन त्याच्यावर आडवा व्हायचा. वरून, खालून, कसाही मारा, चेंडू सुटायचा नाही. त्याला गोलरेषेवरून पुढे ओढल्याशिवाय गोल होणार नाही, हे मला कळलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटाच नावड्याला गेलो. दोन बस बदलून. पाऊस थांबून थांबून चालू होता. मैदानाचा उतार रस्त्याच्या बाजूला होता आणि त्या बाजूच्या गोलपासून आठ-दहा पावलांवर, डाव्या अंगाला, एक चांगलं रुंद डबकं साचलं होतं. वरून बघितलं तर बाकीच्या चिखलासारखंच दिसत होतं. मी बांबूची काठी घेऊन त्याची खोली मोजायला लागलो. एका ठिकाणी काठी टक्‌ करून वाजली. वाकून पाण्यात हात घातला. लोखंडी पाइप होता. पूर्वी तिथे लहान गोल असणार, मैदान वाढवताना तो कापून काढला असणार आणि खुंट तसाच राहिला होता. जमिनीच्या वर चार बोटं. कापलेली कड माझ्या बोटाला लागली.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये आयोजकांपैकी एक काका बसले होते, सामन्यांचा तक्ता खडूने फळ्यावर लिहीत. माझ्यापासून पन्नास पावलांवर. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघून हात केला. मीही हात केला.

तिथे जाऊन "काका, इथे पाइप आहे" एवढंच म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं, हे मला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं, म्हणून नंतर कुठली सबब शोधता आली नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी संध्याकाळपर्यंत दोन घमेली डबर आणि माती आणून तो खड्डा भरून टाकला असता. मग डबकं गेलं असतं. आणि मला ते डबकं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना मी आमच्या गोलकीपरला वहीतला नकाशा दाखवला. "टॉस जिंकलो तर पहिल्या हाफला आपण ही बाजू घ्यायची. दुसऱ्या हाफला डबकं आणखी भरेल आणि तेव्हा ती बाजू त्यांच्याकडे जाईल. एक लक्षात ठेव, इथे पाण्यात पाइपचा खुंट आहे. डाव्या बाजूला डाइव्ह मारायची नाही. तिथे चेंडू आला तर पायानेच काढ."

त्याने नकाशाकडे बघितलं. "त्यांना सांगलास?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. एवढंच. त्या खोट्यासाठी मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

टॉस आम्ही जिंकलो. पहिला हाफ बिनगोलाचा गेला. आमचा गोलकीपर रेषेला चिकटून राहिला, डाव्या अंगाला सरकलाच नाही. मध्यंतरात पावसाचा जोर वाढला. दुसऱ्या हाफात मी आमच्या पुढच्या पोराला एवढंच सांगितलं होतं, की मी चेंडू डबक्याच्या दिशेने सोडेन, तू धावत सुट, त्यांच्या बचाववाल्याला वाटेल चेंडू कीपरकडे जातोय, पण तो जाणार नाही. पाइपचं त्याला सांगितलं नव्हतं. त्याला डबक्यात आडवं पडायचंच नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली होती.

शेवटची दहा मिनिटं उरली असताना मला चेंडू मिळाला. मी उजव्या पायाने जमिनीलगत सोडला. अगदी वहीत काढला होता तसा. त्यांचा बचाववाला चेंडू कीपरकडे जाईल म्हणून हात पसरून नुसता आडवा उभा राहिला. चेंडू डबक्यात शिरला आणि थांबला. क्षणभर त्यांच्यापैकी कुणालाच काय झालं ते कळलं नाही. एकट्या गोलकीपरला कळलं. तो रेषेवरून सुटला, आमच्या पोराच्या आधी पोचायला त्याने पाण्यात लांब घसरत झेप घेतली, चेंडूला हात लावला, आणि मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. ओरडणं नव्हतं ते. दम सुटल्यासारखा आवाज होता. चेंडू त्याच्या हातून निसटला आणि आमच्या पोराने तो रिकाम्या गोलमध्ये ढकलला.

मी दोन्ही हात वर केले. तो उठला नव्हता हे मला दिसलं होतं. कुठे पडलाय तेही माहीत होतं. तरी हात वर गेले.

पाणी लाल व्हायला लागल्यावर सगळे धावले. गुडघ्याखाली कापलं होतं आणि नडगीचं हाड मोडलं होतं. आयोजकांपैकी ते शेडमधले काका पाण्यात हात घालून चाचपत होते. "हा पाइप कुठून आला इथे? कुणाला माहीत होतं का?" ते एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होते.

आमचा गोलकीपर मैदानाच्या त्या टोकावरून धावत आला होता. त्याने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

कारखान्याच्या टेम्पोतून त्या माणसाला पनवेलला दवाखान्यात नेलं. रेफरीने गोल धरला. त्यांचा दुसरा एक जण गोलमध्ये उभा राहिला, उरलेली मिनिटं खेळली गेली आणि आम्ही जिंकलो. ती मिनिटं मीही खेळलो. परतताना बसमध्ये आमचा गोलकीपर माझ्या शेजारी बसला नाही. ऐरोलीला उतरल्यावर फक्त माझ्यासमोर थांबला.

"तू बोल्लास सांगलंय."

मी बुटांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी पन मंग त्यातलाच झालो ना," तो म्हणाला आणि गावाच्या रस्त्याने निघून गेला. फायनलला तो आला नाही. आम्ही हरलो. पुढेही तो आमच्याकडून कधी खेळला नाही. रस्त्यात दिसला तर बोलायचा, त्याच्या लग्नाला बोलावलं, मी गेलोही. पण माझं म्हणणं तो पुन्हा कधी धरून चालला नाही. काहीही सांगितलं की दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघायचा.

आठवड्याने मी सफरचंदं घेऊन नावड्याला त्या कोल्हापूरच्या माणसाच्या खोलीवर गेलो. मनात होतं की सांगून टाकायचं. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला.

"बसा की. तुमचाच पास होता न्हवं तो? चेंडू पाण्यात थांबवायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या," मी म्हणालो.

"लई भारी. आमच्याकडं पेठेत एवढी वर्षं खेळलो, पर असं न्हवतं बघितलं." मग पायाकडे बघून म्हणाला, "हे काय, नशिबाचा भाग. पावसात काय दिसतंय खाली."

मी ती शाबासकी घेतली. चहा घेतला आणि निघालो. त्या दिवशी परतताना जेवढी लाज वाटली तेवढी सामन्याच्या दिवशीही वाटली नव्हती.

त्यानंतर चार महिने मी रोज ठरवायचो आणि रोज पुढे ढकलायचो. नोकरी लागली होती, त्याचं निमित्त होतंच. आईला वाटायचं साइटवर टेन्शन आहे. शेवटी दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी गेलो. तो आता चालत होता, पण गुडघा पुरता वाकत नव्हता. प्लांटवरचं काम सुटलं होतं, कारखान्याने त्याला गेटवर बसवलं होतं. गोलमध्ये पुन्हा उभं राहता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्याने स्वतःच सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

मग मी सांगितलं. काठी, पाइप, शेडमधले काका, खड्डा भरला असता ते, सगळं. मधे थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून जमिनीकडे बघत बोलत राहिलो.

आत त्याची बायको स्टोव्हला पंप मारत होती, तो आवाज येत होता.

"तुमच्या कीपरला म्हाईत हुतं?" त्याने विचारलं.

"हो. पण मी त्याला म्हटलं होतं की तुम्हाला सांगितलंय."

"तरीच. पहिल्या हाफला तो डावीकडं येईचना. मला वाटलं, घाबरलाय." तो थांबला. "म्या मनात हसलो हुतो त्याला."

मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"खेळात डाव सांगत न्हाईत," तो म्हणाला. "पर हे खेळातलं न्हवतं. हे आदल्या दिवशीचं हुतं."

आवाज चढला नव्हता. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही. खाटेच्या कडेला हात टेकून तो उठला, पाय ओढत दारापर्यंत गेला, चप्पल घातली आणि बाहेर पडला. मला वाटलं पुन्हा आत येईल. खिडकीतून दिसलं, तो कॉलनीच्या रस्त्याने हळूहळू लांब चालला होता.

त्याच्या बायकोने दोन कप चहा आणला. तिला आतून काही ऐकू आलं नव्हतं. एक कप माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "हे कुठं गेले?"

"येतो म्हणाले," मी म्हणालो. पुन्हा खोटं.

"तुमी घ्या तोवर. गार हुईल." ती समोर बसली आणि मी कुठला, घरी कोण कोण असतं, आई काय करते, असं विचारत राहिली. मी सगळ्याची उत्तरं दिली. चहा संपला. तो आला नव्हता. दुसऱ्या कपावर तिने बशी झाकून ठेवली, आणि मी निघालो.