तंबूतल्या पिक्चरचं शेवटचं रीळ

खोटं बोललास तू शिवादा. आणि आता भांडायलाही राहिला नाहीस.

सकाळी गावाकडनं फोन आला. तंबू टॉकीजवाला आमचा शिवादा गेला.
मी इथं कांडला बंदरात, क्रेनखाली. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. दहाव्यालाही सुट्टी नाही म्हणाले.

नव्वदच्या पुढची सालं. नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडची आमची जत्रा.
शिवादा तंबूत मशीन चालवायचा, मी गेटवर तिकिटं फाडायचो. सातवी नापास माणूस, दुसरं काय करणार!

त्या वर्षी एक कॉमेडी पिक्चर आणलेला. ऐंशीच्या सालातली कॉलेजची पोरं. गच्चीवर पार्टी, डिस्को लाईट, टेपरेकॉर्डर, केसांचे हे एवढे फुगे. केक जातो थेट प्रिन्सिपलच्या टकलावर.
तंबू नुसता हसत होता.

मग पार्टी संपते. त्यातलं एक पोरगं बॅग उचलून लांब कुठंतरी निघून जातं.

आणि पडदा पांढरा.

शेवटच्या रिळाचा डबा एसटीच्या टपावरच राहिलेला. गाडी पार जामखेडला गेली.

"ए, पैसं टाक माघारी!" पब्लिक उठलं.
शिवादानं माईक घेतला. "गप बसा रं! म्या नगरला बघितलाय, सांगतो म्होरचं. त्ये पोरगं माघारी येतंय. त्याच गच्चीवर. समदे दोस्त थांबल्यात, केक बी ठिवलाय."
"किती वर्सांनी येतंय?" मागून एक म्हातारा.
"त्येला वाटंल तवा. तुमाला कसली घाई आबा?"

लोक टाळ्या वाजवत घरी गेले. मी मात्र तिथंच बसून राहिलो.

जत्रा उठली आणि मी गाव सोडलं. कुठंच टिकलो नाही. सुरत, वापी, आता इथं.
शिवादाचा फोन आला की एकच. "कवा येतूस? केक ठिवलाय."

मागल्या वर्षी तो पिक्चर मोबाईलवर सापडला. शेवटपर्यंत बघितला.
पोरगं येतच नाही. रिकामी गच्ची, आणि खलास.

फोन लावून लई शिव्या घातल्या त्याला.
ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "म्हाईत हाय मला. पर तवा तू रोज गाव सोडायचं बोलत हुतास. तुझ्यासमोर कसं सांगू, न्हाई येत म्हणून?"

गाववाल्यांनो, दहाव्याच्या रात्री देवळामागं पडदा लावा. तोच पिक्चर. पोरगं बॅग उचलतं तिथं बंद करा आणि माईक शिवादाच्या पोरीला द्या. तिला तिच्या बापानं सांगितलेला शेवट पाठ आहे.
मला फोनवर ऐकवा.

जा दादा, नीट जा. मी येणार आहे.

पडद्याच्या आणि मशीनच्या भाड्याचे साडेतीन हजार आजच पाठवतोय.