घोषणेत न अडखळणारा माणूस

चारचौघांत उभं राहून स्वतःच्या गावाचं नाव सांगताना ज्याची जीभ पहिल्याच अक्षराला अडून बसते, तोच माणूस मिरवणुकीत शंभर जणांबरोबर घोषणा देताना एकदाही अडखळत नाही. का? आहे तुमच्याकडे उत्तर?

आमच्या वस्तीकडे होतं. ‘नाटक करतो.’

तो माणूस म्हणजे माझे वडील. पारनेरच्या एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले. ऑफसेट आलं, तेही शिकले. लग्नपत्रिका छापायच्या पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी. पाणी, रोजगार हमी, शिष्यवृत्ती, जो प्रश्न पेटलेला असेल त्याचं पत्रक तेच लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. अंकलिपीच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. दुकानात, बँकेत, एसटीत घरातर्फे बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, आणि ते मी अजून सोडलेलं नाही.

जयंती कमिटीनं त्यांना अध्यक्ष व्हायला सांगितलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. अध्यक्षाला भाषण करावं लागतं. मग लोक म्हणायचे, “घोषणेत बरा घसा फुटतो. काम अंगावर आलं की बोबडी वळती.” हे त्यांच्या कानावर जायचं. खोडून काढायचं तर बोलावं लागणार, म्हणून ते गप्प राहायचे.

मागच्या हिवाळ्यात नगरला एका शिबिरात तोतरेपणावर संशोधन करणाऱ्या बाई भेटल्या. मी त्यांना घोषणांचं कोडं घातलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सगळ्यांबरोबर एका सुरात बोललं की अडखळणं बहुतेक थांबतं, हे माहीत आहे. तेव्हा मेंदूत नेमकं काय होतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. मराठी बोलणाऱ्यांवर तर काम फारच थोडं. अभ्यासासाठी आवाजाचे नमुने द्यायला माणसं येत नाहीत आणि पैसाही येत नाही.”

मी तापले. जिभेखाली गोटी, वेखंडाचं चाटण, नवस, डोक्यात टपली हे सगळं अडखळणाऱ्याला आपण अगदी सढळ हातानं देतो. कारण शोधणाऱ्याला मात्र काहीच देत नाही.

जयंतीच्या आधी समाजमंदिरात कमिटीची बैठक बसली. विषय होता चौकातला फ्लेक्स, कमिटीतल्या सगळ्यांच्या फोटोंसकट. मी उभी राहिले. “यंदा फ्लेक्स नको. ते पैसे तोतरेपणाच्या संशोधनाला देऊ.”

खजिनदार तात्या म्हणजे माझे चुलते, आवाज भोंग्यासारखा. “आगं, तोतरं बोलणं हा काय रोग हाय व्हय? आन् तुजा बाप घोषणेत कसा खणखणीत असतो! लई नाटकी मानूस.”

मागून कुणीतरी म्हणालं, “तात्या, फोटू जातोय म्हनून दुखतंय का?” हशा पिकला.

वडील दाराशी बसले होते. सगळ्यांसमोर वाचून दाखवाल का, असं मी त्यांना आदल्या दिवशी घरी विचारलं होतं आणि त्यांनी मानेनंच हो म्हटलं होतं. आता ते उठले. यंदाचं पत्रक त्यांनी समोर धरलं.

“स... स... स...” डोळे मिटले, मानेच्या शिरा ताणल्या. ‘समस्त’ बाहेर येईना. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी दात आवळले.

“आता तात्या, तुम्ही त्यांच्याबरोबर वाचा,” मी म्हणाले.

तात्यांनी चष्मा लावला. “समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींनो...” दोन आवाज बैलजोडीसारखे चालू लागले. ‘प्रबोधनपर’ या शब्दाला तात्याच ठेचकाळले. वडिलांनी त्यांना पलीकडे नेलं. मग मी तात्यांना हातानं थांबवलं. वडिलांचा आवाज आणखी दोन शब्द पुढे गेला आणि अडला.

कुणीच हसलं नाही. तात्या स्वतःच म्हणाले, “पुन्यांदा.” पुन्हा तेच झालं.

“च्यायला. हे कशानं हुतं?”

“तेच शोधायचंय, तात्या. त्यालाच पैसे लागतात.”

त्यांनी चष्मा काढला. वडिलांकडे बघून म्हणाले, “दादा, आन् आमी इतकी वर्सं तुला...” पुढचं येईना. वडिलांनी घाई केली नाही. अर्धवट राहिलेल्या वाक्यासाठी थांबणं त्यांच्याइतकं कुणाला जमणार?

ते वाक्य अर्धंच राहिलं. तात्या वळून म्हणाले, “फ्लेक्स रद्द.”

“निदान बारका तरी?” मागून कुणीतरी विचारलं.

“गप ए!”

पुढे वडील आवाज द्यायला त्या बाईंकडे गेले. एकदा एकट्यानं वाचायचं होतं, एकदा कुणाबरोबर तरी. सोबतीला तात्याच गेले. येताना एसटीत तात्यांनी दोन तिकिटं मागायला तोंड उघडलं, तर वडिलांनी हात आडवा धरला. “पा... पा... पारनेर, दोन,” ते स्वतः म्हणाले. वेळ लागला. कंडक्टर थांबला.

तुमच्याही चौकात फ्लेक्स लागायचा असेल. तो लावू नका. तोतरेपणावर काम करणारा विभाग जवळच्या विद्यापीठात किंवा रुग्णालयात आहे का, ते विचारा, पैसा कशावर खर्च होणार तेही विचारा, आणि फ्लेक्सची रक्कम तिथं द्या. घरात अडखळणारं कुणी असेल आणि त्याची तयारी असेल, तर त्याच्याबरोबर वाचायला तुम्हीही जा.