नासारियाबाईंनी दिलेल्या चुका

नासारिया ताइपे आमच्या डोंगरातल्या शाळेत एकवीस वर्षं स्पॅनिश शिकवत होत्या. तेराव्या वर्षापर्यंत त्यांना स्वतःला डोंगरातल्या केचुआ भाषेखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे पोरं कुठे अडखळणार हे त्यांना आधीच कळायचं. केचुआत शब्दांना लिंगच नाही. पोरं बिनधास्त लिहायची, 'रस्ता लांब होती'. बाई म्हणायच्या, "केचुआतून चालत आलायस ना, पायाला माती लागणारच. ये, धुऊन टाकू."

मी तिथेच गणित शिकवतो. मी खालच्या गावातला, माझी स्पॅनिश घरातलीच.

एके वर्षी राजधानीहून, लिमाहून, ओर्लांदो नावाचा तरुण इंजिनिअर आला. केचुआ मुलांना स्पॅनिश व्याकरण शिकवणारा प्रोग्रॅम तो बनवत होता.

"बाई, मला चुका हव्यात. द्याल तेवढ्या."

"न्या की! इथे दुसरं पिकतंय काय?"

दोन वर्षं शाळा सुटल्यावर बाई वह्या घेऊन बसल्या. चार हजार वाक्यं उतरवली आणि प्रत्येकाशेजारी, पोराने असं का लिहिलं, ते केचुआत लिहिलं. चौदाव्या वर्षी वसतिगृहातून मोडक्या स्पॅनिशमध्ये आईला लिहिलेली आपली पत्रंही देऊन टाकली.

मग टॅब्लेट आले. चुकलं की लाल फुली, 'पुन्हा प्रयत्न करा'. केचुआतलं एक अक्षर नव्हतं. बाईंनी फोन लावला.

"वरून ते कापायला लावलं, बाई," ओर्लांदो म्हणाला. "पण चुका सगळ्या तुमच्याच आहेत हं!"

"हो, दिसतायत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठव्या धड्यात 'चूक ओळखा' खाली वाक्य आलं: 'आई, तुझा शाल अजून तुझ्यासारखा वास येतो.' वर्ग खो खो हसला. कोणाचं वाक्य आहे ते बाईंनी सांगितलं नाही. पोरांनी फुल्या मारल्या, त्या बघत उभ्या राहिल्या.

वर्षअखेर जिल्ह्याच्या कचेरीने शाळेला प्रशस्तिपत्र दिलं: चुका निम्म्यावर. बाईंनी वह्या उघडल्या. गारपिटीत घरची लोकरीची अल्पाका कशी व्याली ते पानभर लिहिणारी पोरगी आता लिहीत होती, 'घर मोठे आहे. कुत्रा लहान आहे.' चुकेल असं कोणी काही लिहीतच नव्हतं. बाईंनी कचेरीला दोन पानी पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. पत्र मात्र परत आलं, जागोजागी लाल रेघा मारून.

पुढे शिक्षकांनाही त्याच प्रोग्रॅमवर परीक्षा लागली. स्पॅनिश शिकवायला सत्तर गुण हवेत. मला चौऱ्याहत्तर पडले, बाईंना एकसष्ट. त्यांना शाळेच्या कोठीवर नेमलं, तांदूळ-बटाटे मोजायला. हे ठरलं त्या कचेरीतल्या बैठकीत मी गप्प बसलो.

"मास्तर, तुम्ही बोलला असतात तर ऐकलं असतं त्यांनी," त्या नंतर म्हणाल्या. "तुम्हाला गुण आहेत."

मार्चमध्ये सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाई आल्याच नाहीत. राजीनाम्याचे कागद घेऊन मी वर त्यांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी उकडलेले बटाटे पुढे ठेवले. मी स्पॅनिशमध्ये बोलत होतो, त्या केचुआत उत्तरं देत होत्या.

मी पेन पुढे केलं. "इथे सही करा, बाई."

"आणि सहीत चूक निघाली तर?"

त्यांनी चुलीतली काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर दाबली.